बडीशेपेच्या गावाहून पायी

जेवणं आटोपली की आमच्या घरात बडीशेपेची डबी फिरते. पितळेची आहे, झाकणाला एका बाजूने पोचा आलेला. बडोद्यात पिढ्या गेल्यामुळे घरातल्या बाकी सगळ्यांच्या तोंडी 'वरियाळी' बसली आहे. सासूबाई मात्र बडीशेपच म्हणतात आणि भाजतातही स्वतःच. २०२४ च्या मार्चमधल्या एका रात्री ही डबी माझ्या हातात असताना मी त्यांना सांगून टाकलं, की नोव्हेंबरात ग्रीसला जाऊन ४२ किलोमीटर पळणार आहे.

"कुठून कुठे?"

"मॅरेथॉनपासून अथेन्सपर्यंत."

"म्हणजे ते गावाचं नाव आहे? मला वाटायचं शर्यतीचं."

मी नुकतंच वाचलेलं ज्ञान लगेच पाजळलं. त्या माळावर बडीशेप रानात उगवायची, ग्रीकमध्ये बडीशेपेला 'माराथोन' म्हणत, त्यावरून गावाचं नाव पडलं. सासूबाईंनी माझ्या हातातली डबी घेऊन झाकण लावलं. "मग उंझ्याला जा की. तिथे पोत्यांनी मिळते."

मला वयाच्या ४५ व्या वर्षी पळायचं वेड लागलं. त्याआधी बस पकडायलासुद्धा पळाले नव्हते. सासरे असते तर त्यांनी मोडता घातला असता. ते बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात घडलेले, तिथल्या गुरूंना, प्रोफेसर माणिकरावांना, लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले. पळणं हा घोड्यांचा व्यायाम आहे, माणसाने जोर मारावेत आणि मलखांब करावा, असं त्यांचं ठाम मत होतं. द. चिं. मुजुमदारांनी बडोद्यातूनच काढलेल्या व्यायामज्ञानकोशाच्या दहा खंडांपैकी दोन आमच्या माळ्यावर होते. 'होते' का म्हणते, ते पुढे येईलच.

माझा रोजचा रस्ता काळा घोडा चौकापासून कमाटीबागेत, म्युझियमवरून पुढे, कीर्तिमंदिरापर्यंत आणि परत. म्युझियमपाशी गामा पहिलवानाचा दगड आहे. १९०२ साली तो गामाने उचलला होता, वजन १२०० किलो असं सांगतात. मी जाता जाता मनातल्या मनात त्या दगडाला नमस्कार करते, कारण त्या वेळी मला माझंच वजन उचलत नसतं. कीर्तिमंदिरात गायकवाडांच्या छत्र्या आहेत आणि नंदलाल बोसांनी रंगवलेल्या भिंती. पुलावरून खाली वाकलं तर विश्वामित्री नदीच्या गाळात एखादी मगर लाकडाच्या ओंडक्यासारखी पडलेली दिसते. नवख्या माणसाला ती दाखवण्यात बडोदेकरांना मोठी मौज वाटते.

या सगळ्या रस्त्यात चढ म्हणून नाही. बडोदं ताटासारखं सपाट. आणि अथेन्सच्या शर्यतीचा नकाशा उघडला तर साधारण १० व्या किलोमीटरपासून ३१ व्यापर्यंत रेघ वर वरच जाते. जगातल्या मोठ्या मॅरेथॉन शर्यती वेळ चांगली यावी म्हणून सपाट रस्ता शोधतात, इथे रस्ता आधी आला आणि शर्यत त्याच्यावर बसवली. म्हणून मी उड्डाणपुलाला शरण गेले. गेंडा सर्कलपासून मनीषा चोकडीपर्यंत साडेतीन किलोमीटरचा अटल पूल आहे, तोच माझा डोंगर. पहाटे पाचला चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. चौथ्या दिवशी एका पोलिसाने अडवलं. पुलावर पायी चालायची परवानगी नाही म्हणाला. मी चालत नाहीये, पळतेय, असं मी म्हटलं. त्याने त्यावर प्रामाणिकपणे विचार केला आणि मग पुन्हा नाहीच म्हणाला.

चढाची सोय होईना तेव्हा संध्याकाळी वाचन वाढलं, आणि वाचनाने घोळ केला.

शर्यतीमागची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये मॅरेथॉनच्या माळावर अथेन्सच्या फौजेने इराणी सैन्याला हरवलं, फिडिपिडीज नावाचा जासूद ती बातमी घेऊन अथेन्सपर्यंत धावत गेला, 'आपण जिंकलो' म्हणाला आणि कोसळून मेला. या लढाईचा सगळ्यात जुना इतिहास हिरोडोटसचा, आणि त्यात ही धाव मुळी नाहीच. त्याचा फिडिपिडीज लढाईच्या आधी धावतो, तोही उलट्या दिशेला, स्पार्टाकडे मदत मागायला. सुमारे २४० किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी तिथे हजर. स्पार्टावाले म्हणाले, येतो, पण पौर्णिमेपर्यंत आम्हाला निघता येत नाही. पौर्णिमेनंतर त्यांचे २००० सैनिक खरंच आले, तोवर लढाई संपली होती. त्यांनी इराण्यांची प्रेतं पाहिली, अथेन्सवाल्यांना शाबासकी दिली आणि घरी गेले. (पूर ओसरल्यावर पाहणीला येणाऱ्या गाड्या मला इथे आठवतात.) मरून पडणारा धावपटू बऱ्याच उशिरा आला. प्लुटार्कने त्याला वेगळीच नावं दिली, फिडिपिडीजचं नाव त्याला चिकटवलं ल्युशियनने, लढाईला सहाशेहून जास्त वर्षं उलटल्यावर. १८७९ मध्ये एका इंग्रज कवीने दोन्ही धावा एकत्र शिवल्या, आणि १८९६ चं पहिलं आधुनिक ऑलिंपिक भरवायचं ठरलं तेव्हा मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताने सुचवलं, की या रस्त्याने शर्यत ठेवा, जिंकणाऱ्याला चांदीचा पेला मी देतो.

म्हणजे जिच्यापायी मी पोलिसाशी वाद घातला, ती धाव झालीच नव्हती. मला फसवल्यासारखं वाटलं. आठवडाभर अलार्म बंद करून झोपले.

हिरोडोटसमध्ये पुढे एक वाक्य आहे, ते तेव्हा मी नुसतं वाचून सोडलं. लढाई हरल्यावर इराणी जहाजं किनाऱ्याला वळसा घालून अथेन्सकडे निघाली, कारण शहरात राखण करायला कोणी नव्हतं. ते पाहून अख्खी फौज, पाय नेतील तितक्या वेगाने, घराकडे परतली आणि जहाजांच्या आधी पोचली.

त्या ऑगस्टात आमच्याकडे पाणी आलं. गोकुळाष्टमीला मी अलकापुरीत बहिणीकडे होते, नवरा गावाला आणि कारेलीबागेतल्या घरात सासूबाई एकट्या. घर तळमजल्यावर, सासूबाईंचे गुडघे गेलेले. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. दुपारनंतर सगळ्यांच्या मोबाईलवर एकच निरोप फिरायला लागला, नदीवरचे पूल बंद होणार. बडोद्याचे पूल बंद झाले की शहराचे दोन तुकडे होतात, इकडचा माणूस इकडे आणि तिकडचा तिकडे. रिक्षा मिळेना. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, शिंतोडे पडले तरी भरतं, त्या दिवशी तर विचारायलाच नको. मी स्टेशनच्या जिन्यावरून पलीकडे उतरले, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि सयाजीगंजातून काळ्या घोड्याच्या दिशेने पळत सुटले. पायात चपला, पोटात उपासाची साबुदाण्याची खिचडी. पुलावर माझ्यासारखी बरीच माणसं होती, कोणी दुधाच्या पिशव्या घेतलेले, कोणी मूल खांद्यावर घेतलेले. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सगळी जमेल तितक्या भराभर चालत होती, मध्येच धावत होती, दम लागला की पुन्हा चालत होती. खाली नदीचा रंग चहासारखा झाला होता आणि ती नेहमीच्या जागेपेक्षा फार वर होती.

घरी पोचले तर शेजाऱ्यांनी सासूबाईंना खुर्चीसकट पहिल्या मजल्यावर नेलेलं. त्या चहा पीत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "एवढी चिंब होऊन कशाला आलीस? फोन करायचास की."

पाणी घरात शिरलं ते रात्री. पुढच्या दोन-तीन दिवसांत शहराच्या वस्त्यांमधून मगरी पकडून नेल्याच्या बातम्या येत होत्या, आमच्या वाट्याला नुसता गाळ आला. माळ्यावर गळती झाली आणि व्यायामज्ञानकोशाचे ते दोन खंड भिजून फुगले, पानाला पान चिकटलं. पुढचे तीन आठवडे माझा व्यायाम म्हणजे खराट्याने गाळ ओढणं. सासऱ्यांना पळण्यापेक्षा तो नक्की पटला असता.

सप्टेंबर असाच गेला. ऑक्टोबरात नवरात्र, आणि नवरात्रात बडोदेकराचे पाय आधी गरब्याचे असतात, उरले तर त्याचे स्वतःचे. तरी एक मोठी धाव पदरात पडली. बडोद्याहून पावागडला कालिकामातेच्या दर्शनाला पायी जाणारे लोक हालोल रस्त्याने निघतात. त्यांच्याबरोबर मी एका पहाटे जरोदच्या बाजूला निघाले. हातात लाल झेंडे, सोबत छोट्या टेम्पोवर गरब्याचा आवाज, कोणाच्या पायाला चिंध्या बांधलेल्या. माझे बूट आणि कमरेची पाण्याची बाटली पाहून एका म्हाताऱ्याने विचारलं, "बेन, मानता छे?" नवस आहे का, म्हणून. मला पटकन उत्तर सुचेना. हो म्हणून टाकलं. मग त्याने मला शेंगदाणे दिले आणि सांगितलं की पहिल्या वर्षी फार दुखतं.

शर्यत १० नोव्हेंबरला होती. पहाटे अंधारात बस मॅरेथॉन गावात नेऊन सोडतात आणि मग धावत परत यायचं. हा प्रकार मुळात विचित्र आहे. ज्या शहरात आपण कालच सुखाने झोपलो होतो, तिथेच परत पोचायचं, तेही स्वतःच्या पायांनी. बसमध्ये शेजारच्या माणसाने मी भारतातली म्हटल्यावर क्रिकेटचं नाव काढलं. मी त्याला बेळगावच्या फडेप्पा चौगुल्यांचं सांगितलं. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये त्यांनी मॅरेथॉन पळून एकोणिसावा नंबर काढला होता आणि तिथला रस्ता होता पावणेत्रेचाळीस किलोमीटरचा. तो फक्त "सो लाँग अगो?" म्हणाला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गावाला निघालेला माणूस हे म्हणत होता.

पाच किलोमीटरच्या सुमाराला रस्ता डावीकडे आत वळतो आणि मातीच्या एका मोठ्या उंचवट्याला वळसा घालून परत येतो. लढाईत पडलेले १९२ अथेन्सवासी त्या मातीखाली एकत्र आहेत. इतका वेळ बडबडणारे धावपटू इथे आपोआप गप्प झाले, फक्त बुटांचा आवाज. १८९६ ची शर्यत सुमारे ४० किलोमीटरचीच होती. ४२ किलोमीटर १९५ मीटर हा आकडा लंडनच्या १९०८ च्या ऑलिंपिकमधून आला आणि १९२१ मध्ये कायम झाला. राजवाड्यापासून निघायचं या हौसेतून ठरलेलं ते अंतर इथे या मृतांना घातलेल्या वळशाने भरून निघतं. मला ही तडजोड आवडली.

नेआ माक्रीत बायकांनी ऑलिव्हच्या डहाळ्या वाटल्या, मी एक टोपीत खोचली. "पामे, पामे!" असं सगळे ओरडत होते. म्हणजे चला, चला. आणि मग ज्याची मला धास्ती होती तो ऐतिहासिक रस्ता सुरू झाला. फर्निचरची दुकानं, गाड्यांच्या शोरूम, टायरवाले, पेट्रोल पंप. दोन्ही बाजूच्या पाट्यांवरची अक्षरं बदलली तर अगदी आपला हालोल रोड. कोणाला निराशा वाटली असेल. मला उलट ओळखीचं वाटून हायसं झालं.

उजव्या हाताला मात्र पेंडेली डोंगराचा एक भाग काळा पडलेला होता. ऑगस्टात, आमच्या पुराच्या पंधरा दिवस आधी, त्या बाजूला वणवा लागला होता. मॅरेथॉन गाव रिकामं करून लोकांना नेआ माक्रीत हलवलं होतं, आग पार अथेन्सच्या उपनगरांच्या दारात गेली होती. २०१८ मध्ये तर याच किनाऱ्यावर, रस्त्यापासून जवळ असलेल्या माती नावाच्या गावात, वणव्यात शंभरावर माणसं गेली. टाळ्या वाजवणाऱ्या या लोकांपैकी किती जण त्या दिवशी घराकडे पळाले असतील, आणि किती जण घरापासून दूर, हे मला विचारायचं होतं. त्यासाठी लागणारं ग्रीक माझ्याकडे नव्हतं, आणि तेव्हा दमही नव्हता.

पिकेर्मीत, निम्म्या वाटेवर, १८९६ चा विजेता स्पिरिडॉन लुईस वाइनचा पेला प्यायला अशी कथा आहे. लुईस मारूसीचा पाणी वाहणारा. त्याला २ तास ५८ मिनिटं ५० सेकंद लागले. पुढे तो शर्यती पळलाच नाही, पण भाषेत राहिला. कोणी सुसाट पळून गेला की ग्रीक लोक म्हणतात, 'तो लुईस झाला'. तिसरा आलेला बेलोकास वाटेत घोडागाडीत बसल्याचं उघडकीला आलं आणि बाद झाला. आपल्याला ही गोष्ट जास्त जवळची वाटावी.

मला पिकेर्मीत वाइन मिळाली नाही. एका फाटकापाशी मांडीवर घोंगडी घेऊन आजीबाई खुर्चीत बसल्या होत्या, समोर संत्र्याच्या फोडींचं ताट. दोन फोडी घेतल्या. नुसतं घेऊन निघणं बरं दिसेना, म्हणून कमरेच्या पिशवीतून सासूबाईंनी दिलेली डबी काढली आणि चिमूटभर बडीशेप त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी संशयाने वास घेतला, आणि मग चेहरा एकदम उघडला. "मारथो!" आत घराकडे बघून त्या मोठ्याने कोणाला तरी ओरडल्या, "मारथो!" आतून एक तरुण मुलगा आला, त्यालाही दिली. मग शेजारणीलाही. माझी चार-पाच मिनिटं तिथेच गेली.

२७ व्या किलोमीटरला पळणं संपलं. पोटरी दगड झाली. उड्डाणपुलाने तयारी होत नाही, म्हणजे पोलिसाचं 'नाही' एका अर्थी बरोबरच होतं. मी चालायला लागले आणि शरमेने रस्त्याच्या कडेला गेले. तिथे बघितलं तर चालणाऱ्यांचीच गर्दी. पन्नाशीचे, साठीचे, पोट सुटलेले, लंगडणारे, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेले. कोणी बोलत नव्हतं. जमेल तितक्या भराभर चालत होते, मध्येच धावत होते, दम लागला की पुन्हा चालत होते.

काळ्या घोड्याचा पूल तेव्हा आठवला, आणि वाचून सोडून दिलेलं ते वाक्यही. या रस्त्यावरून त्या दिवशी जे खरोखर गेले, ते हेच. सकाळभर लढलेले, ढाली वागवणारे, माझ्या वयाचेही त्यात असतील. घरी म्हातारी माणसं एकटी आहेत आणि समुद्रातून जहाजं निघाली आहेत, एवढंच डोक्यात. त्यांच्यातल्या एकाचंही नाव कोणाला ठाऊक नाही. मेलेला जासूद गोष्टीला सोयीचा होता, एकटा, तरुण आणि शेवटी कोसळणारा. हे लोक कोसळले नाहीत, पोचले, आणि बहुधा त्यांनाही घरी कोणीतरी विचारलं असेल, एवढा घाम कशाला?

ही शर्यत ज्यांना वाहिलेली आहे ते ग्रिगोरिस लाम्ब्राकिसही याच रस्त्याने चालतच गेले होते. १९६३ च्या एप्रिलात शांततेसाठीच्या पदयात्रेवर बंदी आली. बाकीच्यांना पोलिसांनी धरलं, खासदार म्हणून ते एकटे सुटले आणि एकटेच निघाले. पुढच्याच महिन्यात त्यांचा खून झाला. आणि १८९६ ची स्टामाटा रेविथी! शर्यतीत बायकांना घेत नव्हते, म्हणून ही गरीब बाई, अंगावरचं मूल असलेली, दुसऱ्या दिवशी एकटीच पळाली. निघण्याआधी गावच्या लोकांकडून वेळ लिहून सही घेतली. साडेपाच तासांच्या आसपास अथेन्सला पोचली, तिला स्टेडियममध्ये सोडलं नाही. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन सुरू व्हायला त्यानंतर १९८४ उजाडावं लागलं.

३१ किलोमीटरनंतर उतार लागतो, तो पोटऱ्यांना चढापेक्षा वाईट. त्या पट्ट्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. शेवटी झाडांच्या सावलीतला एक रस्ता आणि त्याच्या टोकाला पांढरंशुभ्र, घोड्याच्या नालेसारखं स्टेडियम. सगळं पेंडेलीच्या संगमरवराचं. दुसऱ्या शतकात ज्याने ते संगमरवराने मढवलं तो हिरोडीस अ‍ॅटिकस मॅरेथॉनचाच राहणारा. मला आत सोडलं. ६ तास १८ मिनिटं. म्हणजे रेविथीबाई माझ्या पाऊण तास आधी पोचल्या असत्या आणि बाहेर उभ्या असत्या.

घरी आले त्या रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंनी आधी डबी मागितली. ऑलिव्हची डहाळी बघून त्यांनी ती देवघरात ठेवायची की कचऱ्यात, असं विचारलं. वाळून तिची पानं वळली होती. डबी उघडली तर रिकामी.

"एवढी सगळी तूच खाल्लीस?"

"वाटेत एका आजींना दिली. त्यांनी वासावरून ओळखली."

"काय म्हणाल्या?"

"मारथो."

सासूबाईंनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग उठल्या आणि तवा गॅसवर ठेवला.